सेन्सर विकत घेण्याआधी टाकीवर चढा : पहिल्या आयओटी प्रोजेक्टचं हार्डवेअर कसं निवडायचं?



मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "सर, पाण्याच्या टाकीचा सेन्सर बनवून विकायचाय, कोणता बोर्ड घेऊ?" प्रश्न चांगला आहे, पण सुरुवात चुकीच्या टोकापासून आहे. मीही तिथूनच सुरुवात केली होती आणि त्याची किंमत मोजली. म्हणून आज आधी माझी फजिती सांगतो, मग यादी.

लातूरचं होस्टेल आणि माझं "स्मार्ट" मशीन

लातूरला पाण्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिली गाडी १० वॅगनची, साधारण ५ लाख लिटर. पुढे ५० वॅगनची गाडी सुरू झाली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्यांनी तो उन्हाळा काढलाय, ते आजही टाकीचं झाकण उघडून आत डोकावल्याशिवाय झोपत नाहीत.

अशाच एक काकू. नीटच्या तयारीला आलेल्या मुलींचं होस्टेल चालवतात. चार मजले, गच्चीवर सिमेंटची टाकी, खाली हौद. टँकर कधी मागवायचा हे कळावं म्हणून मोबाईलवर पातळी बघायची होती. मी नांदेडहून गेलो, एका दिवसात मशीन बसवलं, पैसे घेतले, फोटो काढले, स्टेटसला टाकले. एकदम खूश.

मे महिना. नीटच्या आदल्या आठवड्यात सकाळी सहाला फोन.

"दादा, तुमचं मशीन पंचावन्न टक्के म्हणतंय, आन् पोरी बादल्या घेऊन खाली उभ्या हायेत. टाकीत थेंब नाही."

मी म्हटलं, "काकू, रिस्टार्ट करून बघा." आज हे वाक्य आठवलं की लाज वाटते. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "रिस्टार्ट केल्यानं पाणी येतं का, दादा?"

घाईचा टँकर मी माझ्या खिशातून दिला, मशीनचे पैसे परत केले आणि गच्चीवर चढलो. सेन्सर ठणठणीत होता. तो पाण्याकडे बघतच नव्हता. आत येणाऱ्या पाइपच्या एल्बोवर आदळून आवाज परत येत होता आणि तेच अंतर रात्रभर मोबाईलवर दिसत होतं. चूक सेन्सरची नव्हती, निवडणाऱ्याची होती.

१. आधी जागा बघा, मग सेन्सर

अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो, प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. बाजारात दोन प्रकार जास्त चालतात.

एचसी-एसआर०४ : शंभर रुपयांच्या आसपास, दोन डोळ्यांचा. शिकायला उत्तम. पण वॉटरप्रूफ नाही. बंद टाकीत वाफ धरते, पाणी साचतं आणि पिना गंजतात. माझा पहिला सेन्सर असाच गेला होता.

जेएसएन-एसआर०४टी : वॉटरप्रूफ, गाडीच्या पार्किंग सेन्सरसारखा, वायर लावलेला. मी दुसऱ्यांदा हाच लावला. पण याच्या दोन अटी आहेत. एक, समोरच्या साधारण २० ते २५ सेंटिमीटरमधलं त्याला नीट दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली आणि पाणी सेन्सरच्या तेवढं जवळ आलं, तर आकडा काहीही येतो. दोन, त्याचा आवाज बराच पसरतो. भिंतीला किंवा पाइपला खेटून लावला तर तो भिंत आणि पाइपच मोजतो. काकूंच्या टाकीत हेच झालं.

म्हणजे टाकीवर चढून पाच गोष्टी लिहून आणा : टाकीची खोली, पाणी भरल्यावर झाकणापासून किती खाली राहतं, आतले पाइप आणि शिडी कुठे आहेत, पाणी कुठून पडतं, आणि सेन्सर मधोमध लावता येतो का. जागाच अडचणीची असेल किंवा हौद खोल असेल, तर पाण्यात बुडवायचा प्रेशर सेन्सर बघा. तो काही हजारांत जातो, पण पाइप-भिंतीची भानगड राहत नाही.

२. मराठवाड्याचं ऊन हिशेबात धरा

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. आवाजाचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंशाला सेकंदाला साधारण ३४३ मीटर, ४२ अंशाला साधारण ३५७ मीटर. नेटवरून उचललेल्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ३४३ चाच आकडा पक्का टाकलेला असतो.

आता हिशेब करा. टाकीतली हवा ४२ अंशांवर आहे आणि पाणी सेन्सरपासून खरंच १५० सेंटिमीटर खाली आहे. मशीन सांगेल साधारण १४४. म्हणजे ६ सेंटिमीटर पाणी जास्त दाखवलं. टाकीचा तळ २ मीटर बाय ३ मीटर असेल, तर हे ३६० लिटर झाले. नसलेलं पाणी, आणि तेही ऐन मे महिन्यात!

उपाय स्वस्त आहे. डीएस१८बी२० हा तापमानाचा वॉटरप्रूफ सेन्सर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो. तो सोबत लावा आणि त्यावरून आवाजाचा वेग काढा. डबा पांढरा घ्या, सावलीत लावा, पाणी-धूळ आत न जाणारा आयपी६५ दर्जाचा घ्या.

३. बोर्ड : गरजेपुरता घ्या

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आहे. कॅमेरा, मोठा डेटा असेल तर घ्या. एका टाकीसाठी तो म्हणजे किराणा आणायला ट्रक. शिवाय लाइट अचानक गेली की मेमरी कार्ड खराब व्हायची भीती, आणि आपल्याकडे लाइट सांगून जात नाही.

अर्डुइनो युनो आर-३ शिकायला छान, पण त्यात वायफाय नाही.

ईएसपी-३२ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहे, बोर्ड चार-पाचशेच्या आसपास मिळतो. माझा सल्ला हाच. पण तीन खड्डे लक्षात ठेवा :

– तो ३.३ व्होल्टचा आहे. एचसी-एसआर०४ ची एको पिन ५ व्होल्ट देते. मध्ये १ किलो आणि २ किलो ओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा.
– वायफाय चालू असताना त्याच्या काही ॲनालॉग पिना, म्हणजे एडीसी-२ गटातल्या, वाचता येत नाहीत. प्रेशर सेन्सर एडीसी-१ च्या पिनेवरच जोडा.
– तो फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय पकडतो. राउटर ५ गिगाहर्ट्झवर असेल तर त्याला नेटवर्क दिसणारच नाही.

४. नेटवर्क : मोबाईलला रेंज आहे म्हणजे मशीनला आहे असं नाही

राउटर तळमजल्यावर, टाकी चौथ्या मजल्याच्या वर, मध्ये चार स्लॅब. जिथे डबा बसणार तिथे मोबाईल ठेवून सिग्नल बघा, तोही झाकण लावून. होस्टेलच्या वायफायला लॉगिनचं पान उघडत असेल तर ते मशीनला भरता येत नाही. मालकाकडून वेगळं नेटवर्क मागून घ्या.

वायफाय पोचतच नसेल तर दोन रस्ते. पहिला, सिमचं मॉड्यूल. इथे स्वस्तात मस्त म्हणून सिम-८००एल घेऊ नका. ते फक्त २जी वर चालतं आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. ४जी मॉड्यूल महाग आहे, पण तेच घ्या. दुसरा रस्ता लोरा. शेतातली विहीर, लांबची टाकी यासाठी उत्तम, कारण थोडा डेटा खूप लांब जातो. भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा विनापरवाना पट्टा आहे. ऑनलाइन घेताना ९१५ चं मॉड्यूल गळ्यात पडू देऊ नका. आणि माल विकायचा असेल तर वायरलेस मॉड्यूलला डब्ल्यूपीसीची ईटीए मान्यता आहे का, हे दुकानदाराला आधी विचारा.

५. मोटार जोडणार असाल तर दोन गोष्टी सोडू नका

बाजारातल्या निळ्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असतं. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे चालेल असं वाटतं. पण मोटार सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट करंट ओढते. रिलेचे पॉइंट चिकटले की मोटार बंदच होत नाही. म्हणून रिलेने फक्त कॉन्टॅक्टर किंवा स्टार्टरची कॉइल चालवा, मोटार कॉन्टॅक्टरवर घ्या. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

दुसरं, फ्लोट स्विच. काही शे रुपयांचा साधा बॉल. एक वर, एक खाली. वरचा उचलला की मोटार बंद, मग मोबाईल काहीही म्हणो. खालचा लोंबकळला की पाणी संपत आल्याचा मेसेज. इंटरनेट गेलं, प्रोग्रॅम अडकला तरी बॉल आपलं काम करतो.

आता धंद्याची गोष्ट

मी कोटेशन काढताना बोर्ड, सेन्सर, डबा यांचीच बेरीज केली होती. नांदेड-लातूरच्या फेऱ्या, गेलेला दिवस, स्पेअर सेन्सर, यातलं काहीच धरलं नव्हतं. हार्डवेअरमध्ये दोनशे वाचवले आणि एका फेरीच्या पेट्रोलमध्ये त्याहून जास्त घालवले. आता माझा नियम असा आहे : जो पार्ट बदलायला मला गाव सोडून जावं लागणार आहे, तो स्वस्तातला घ्यायचा नाही. आणि प्रत्येक मॉडेलचा एक स्पेअर गिऱ्हाइकाकडेच ठेवायचा.

आणखी एक. नवीन डिझाईन आधी स्वतःच्या टाकीवर एक महिना चालवा. रोज एकदा काठी टाकून खरी पातळी मोजा आणि वहीत मशीनच्या आकड्याशेजारी लिहा. आकडा कित्येक तास अजिबात हलला नाही, तर "सेन्सर तपासा" असा मेसेज जाईल अशी सोय करा. होस्टेलमध्ये पाणी रात्रभर एकाच पातळीवर राहू शकतं, पण सकाळी पाच ते सातमध्ये राहूच शकत नाही. एवढा साधा नियम मी टाकला असता, तर काकूंच्या आधी मला कळलं असतं.

पुढं काय झालं? जूनमध्ये मी परत गेलो, न बोलावता. सेन्सर मधोमध घेतला, तापमानाचा जोडला, दोन बॉल लावले. पैसे मागितले नाहीत. काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मशीन राहू द्या, पण मी झाकण उघडून बघणारच." मी म्हटलं, "बघाच, काकू. आणि फरक दिसला की मला फोन करा."

पावसाळाभर त्यांचे तीन फोन आले. दोनदा मशीन बरोबर होतं, एकदा काकू. दिवाळीनंतर त्यांनी शेजारच्या होस्टेलवाल्यांना माझा नंबर दिला.

तर मित्रांनो, या रविवारी खरेदीची वेबसाइट उघडू नका. मेजपट्टी, वही आणि पेन घ्या आणि ज्या टाकीवर मशीन लावायचंय तिच्यावर चढा. पाच आकडे वहीत आले की यादी आपोआप तयार होते. पुढच्या व्हिडिओत याच पाच आकड्यांवरून कोटेशन कसं काढायचं ते करून दाखवतो.

भेटू मग!