मलंगगडाआडून आलेला जायंट रोबोट

१९६७ साली जपानच्या तोएई कंपनीच्या चित्रीकरणात एक माणूस रोबोटचा जड पोशाख चढवून बुटक्या बनावट इमारतींमधून चालत होता. ऐंशीच्या दशकात तोच रोबोट दूरदर्शनवरून अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत शिरला. ज्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला त्याचाच हुकूम 'जायंट रोबोट' पाळायचा, आणि तो आवाज एका लहान मुलाचा होता. मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलायचा, रोबोट झेप घ्यायचा. खोलीत दाटीवाटीने बसलेली पोरं श्वास रोखून बघायची. पण मला त्याहून मोठं नवल वाटतं ते गच्चीवरच्या अँटेनापाशी जे घडत होतं त्याचं.

वरळीचा दूरदर्शन मनोरा ३०० मीटर उंच. तिथून बदलापूर सरळ रेषेत ५० किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये मलंगगडाची रांग आडवी. तरी चित्र यायचं! कारण दूरदर्शनचं चित्र वाहून आणणारी लहर जवळपास पाच मीटर लांबीची होती. एवढी लांब लहर डोंगरमाथ्यावरून थोडी वाकून पलीकडच्या सावलीतही उतरते. अँटेनाच्या नळ्या दोन मीटरहून लांब असायच्या, त्याही त्यामुळेच; लहरीच्या निम्म्या लांबीची नळी तिला उत्तम पकडते. वरळीहून बदलापूरला पोचायला तिला सेकंदाचा सहा हजारावा भाग लागे.

लहर डोंगराला धडकून परतही फिरायची. मग पडद्यावर रोबोटच्या उजवीकडे दुसरा, फिकट रोबोट दिसायचा. कोणीतरी अँटेना फिरवायला गच्चीवर धावायचं, खालून "आलं, आलं... गेलं!" असा पुकारा व्हायचा. तो दुसरा रोबोट म्हणजे डोंगरानं पाठवलेला पडसाद. त्या काळच्या टीव्हीच्या पडद्यावर प्रकाशाचा ठिपका डावीकडून उजवीकडे एक ओळ ५२ मायक्रोसेकंदांत रंगवायचा. डोंगराला धडकलेली लहर एक किलोमीटर जास्त फिरून आली, तर ती तीन मायक्रोसेकंदांहून थोडी जास्त उशिरा पोचते. तेवढ्यात ठिपका २० इंची पडद्यावर अडीच सेंटिमीटर पुढे सरकलेला असायचा. म्हणजे दोन रोबोटमधलं अंतर पट्टीनं मोजलं असतं, तर लहर किती लांबचा वळसा घालून आली ते घरबसल्या कळलं असतं. विमान शोधणारं रडारही पडसादाचा असाच उशीर मोजतं. हे त्या पोरांना तेव्हा कोणी सांगायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर लांडग्यांत वाढलेला मोगली आला, बघीरा आणि बल्लूला घेऊन. त्याचा प्रवास तर आणखी लांबचा. मोगलीच्या गोष्टी लिहिणाऱ्या किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. त्याने या गोष्टी अमेरिकेत व्हरमाँटला बसून लिहिल्या, जंगल मात्र सिवनीचं, आपल्या विदर्भात उतरणाऱ्या वैनगंगेकाठचं. चित्रं निप्पॉन अ‍ॅनिमेशननं जपानमध्ये काढली, आणि हिंदीत शेरखान वाघाला आवाज दिला मुरूडच्या नाना पाटेकरांनी. एवढी पृथ्वी फिरून आलेला लांडग्यांचा कळप शेवटचे ५० किलोमीटर त्याच लहरीवरून यायचा.

उल्हासनगरच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर गंजका अँटेना अजून उभा दिसला, तर नीट बघा. सगळ्यात लांब नळी मागे असते, आखूड नळ्या पुढे. कोणी धक्का लावला नसेल, तर त्या आखूड नळ्यांचं तोंड आजही नैर्ऋत्येला, वरळीकडे असेल.