विश्लेषण : पक्षी उडणे का सोडतात? न उडणारा काकापो पोपट ५१ वरून २५२ पर्यंत कसा पोहोचला?

न्यूझीलंडमधील काकापो हा जगातील सर्वांत वजनदार पोपट. पंख आहेत, पण उडता येत नाही. १९९५ मध्ये जगात केवळ ५१ काकापो उरले होते. २०२२ च्या विणीच्या हंगामानंतर ही संख्या २५२ झाली. शहामृग, इमू, किवी, पेंग्विन असे न उडणारे सुमारे ६० प्रकारचे पक्षी आज जगात आहेत. त्यांनी उडणे का सोडले, त्याची किंमत काय मोजली आणि काकापोला वाचवण्यासाठी काय करावे लागले, याविषयी…

उडणे का सुटते?

उडणे हे प्रचंड खर्चिक काम आहे. त्यासाठी छातीचे मोठे स्नायू लागतात आणि पक्षी नुसता बसलेला असला, तरी ते स्नायू पोसावे लागतात. मोबाइलमध्ये न वापरलेले अ‍ॅप मागे चालू राहून बॅटरी खाते, तसेच काहीसे. जिथे जमिनीवर शिकारी प्राणी नाहीत आणि अन्न पायाशी आहे, तिथे हा खर्च वाया जातो. मग पिढ्यानपिढ्या पंख लहान होत जातात आणि वाचलेली ऊर्जा शरीर वाढवायला, अंडी घालायला वापरली जाते. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीच्या हाडावर होडीच्या तळासारखी उभी धार असते, तिला हे स्नायू चिकटलेले असतात. शहामृग आणि इमूमध्ये ही धारच नाही.

मात्र सगळ्यांची गोष्ट एकसारखी नाही. शहामृग आफ्रिकेत सिंहांच्या शेजारी राहतो. त्याने पंखांऐवजी पायांवर भर दिला आणि तो ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने पळू शकतो. पेंग्विनच्या पंखांची वल्ही झाली. तो एका अर्थाने पाण्यात उडतोच.

हे एकदाच घडले का?

नाही. आणि इथेच गंमत आहे. किवीचा सर्वांत जवळचा नातेवाईक शेजारचा इमू असावा, असे वाटणे साहजिक आहे. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासानुसार तो मान मादागास्करच्या नामशेष झालेल्या महाकाय ‘एलिफंट बर्ड’कडे जातो. म्हणजे यांचे पूर्वज उडत वेगवेगळ्या भूभागांवर पोहोचले आणि तिथे स्वतंत्रपणे उडणे विसरले.

हिंदी महासागरातील अल्डाब्रा बेटावरचे उदाहरण आणखी थक्क करणारे आहे. मादागास्करहून उडत आलेल्या रेल पक्ष्यांनी इथे उडणे सोडले. सुमारे १ लाख ३६ हजार वर्षांपूर्वी बेट समुद्राखाली गेले आणि ते सगळे संपले. पुढे बेट पुन्हा वर आले, मादागास्करहून पुन्हा रेल आले आणि त्यांनी पुन्हा उडणे सोडले! २०१९ मध्ये जीवाश्मांच्या अभ्यासातून हे समोर आले. त्या दुसऱ्या खेपेचे वंशज आजही तिथे आहेत.

महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे, आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेतल्या पेंग्विनपेक्षा किंवा दशकभरापूर्वी अनेक शेतकऱ्यांचे हात पोळणाऱ्या इमूपालनापेक्षा कितीतरी जुना आहे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे आणि त्यांपासून केलेले मणी सापडले. एका तुकड्यावर तर नक्षी कोरलेली आहे. ते अवशेष सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. शहामृग तेव्हा भारतात होते, आज नाहीत.

दुसरा धागा निकोबारचा. मॉरिशसच्या डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे निकोबारी कबूतर. ते आजही या बेटावरून त्या बेटावर उडत जाते. डच खलाशी १५९८ मध्ये मॉरिशसला उतरले आणि डोडो दिसल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ ची आहे. जेमतेम ६४ वर्षे.

काकापो इतका सोपा बळी का ठरला?

माओरी भाषेत ‘काका’ म्हणजे पोपट आणि ‘पो’ म्हणजे रात्र. हा रात्री हिंडणारा, शाकाहारी पोपट आहे. वटवाघळे सोडली तर न्यूझीलंडच्या भूमीवर मूळचे सस्तन प्राणीच नव्हते. धोका होता तो वरून, शिकारी पक्ष्यांचा. ते नजरेने शिकार करतात. त्यामुळे धोका जाणवताच जागच्या जागी गोठून उभे राहणे हा काकापोचा बचाव. शेवाळी हिरव्या पिसांमुळे तो जंगलात दिसेनासा होतो.

वासावर शिकार करणाऱ्या प्राण्यापुढे मात्र हा बचाव म्हणजे आत्मघात. त्यात काकापोच्या अंगाला उग्र वास येतो. घरटे जमिनीवर, पिल्ले एकटी मादी वाढवणार आणि तीही रात्री त्यांना सोडून चरायला जाणार. माओरींसोबत कुत्रे आणि उंदीर आले, युरोपीयांसोबत मांजरे आणि मोठे उंदीर. सशांचा उपद्रव वाढला म्हणून १८८० च्या दशकात मुंगसासारखे दिसणारे स्टोट मुद्दाम आणून सोडले गेले. एक चूक निस्तरण्यासाठी केलेली ही दुसरी चूक काकापोला सर्वांत महाग पडली.

वाचवण्याचे पहिले प्रयत्न का फसले?

रिचर्ड हेन्री यांनी १८९० च्या दशकात शेकडो काकापो आणि किवी पकडून होडीतून रेझोल्यूशन बेटावर नेले. स्टोट तिथेही पोहत पोहोचले आणि सगळी मेहनत वाया गेली. १९७५ मध्ये फिओर्डलँडच्या डोंगराळ भागात एक नर सापडला, त्याला याच हेन्रींचे नाव देण्यात आले. १९७७ मध्ये दक्षिणेकडील स्टुअर्ट बेटावर आणखी काकापो आढळले. पण तिथे मांजरे त्यांना मारत होती. अखेर १९८० ते १९९२ दरम्यान ६१ पक्षी उचलून शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर हलवण्यात आले.

फिओर्डलँडच्या त्या नराने १९९८ मध्ये फ्लॉसी नावाच्या मादीपासून तीन पिल्ले दिली. २०१० मध्ये तो मेला. मुख्य भूमीवरच्या काकापोंची जनुके आज केवळ त्याच्या वंशातच शिल्लक आहेत.

५१ वरून २५२ : नेमके काय केले?

काकापो दरवर्षी वीत नाही. रिमू वृक्षांना भरघोस फळे धरली तरच, म्हणजे दोन ते चार वर्षांतून एकदा. त्या हंगामात नर जमिनीत वाटीसारखा खड्डा करून त्यात बसतो आणि रात्र रात्र खोल, घुमणारा आवाज काढतो. अनुकूल वारा असेल तर तो पाच किलोमीटरपर्यंत जातो. एवढे करूनही निम्म्याच्या आसपास अंडी उबतच नाहीत.

मग वरचे अन्न देऊन पाहिले. माद्या वजनदार झाल्या, पण पिल्लांमध्ये नरच जास्त निघू लागले! माद्यांचीच टंचाई असताना हे परवडणारे नव्हते. त्यानंतर प्रत्येक मादीचे वजन पाहून खाद्याचे प्रमाण ठरवले जाऊ लागले आणि हे गणित सुधारले.

प्रत्येक प्रौढ काकापोच्या पाठीवर छोटा ट्रान्समीटर असतो. कोणत्या मादीचे कोणत्या नराशी मीलन झाले, घरटे कधी धरले, हे त्यावरून कळते. बॅटरी बदलण्यासाठी दरवर्षी पक्षी शोधून पकडावा लागतो. २०१९ मध्ये कृत्रिम रेतनासाठी वीर्य बेटाच्या एका टोकाहून दुसरीकडे नेण्यासाठी ड्रोन वापरण्यात आले. उडता न येणाऱ्या पक्ष्याच्या वंशवृद्धीसाठी ड्रोन, हे ऐकायला विचित्र वाटते. पण डोंगराळ रानातून चालत जाण्यात वेळ जातो आणि नमुना खराब होतो. जिवंत काकापोंच्या जनुकसंचाचे वाचनही झाले आहे. जवळच्या नात्यातले मीलन टाळण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

२०१९ चा हंगाम विक्रमी होता आणि त्याच वर्षी बुरशीच्या संसर्गाने नऊ पक्षी गेले. इतक्या कमी संख्येत एकेक मृत्यू मोजावा लागतो.

आता अडचण काय?

जागेची. शिकारीमुक्त बेटे मोजकी आहेत आणि ती भरत चालली आहेत. म्हणून जुलै २०२३ मध्ये चार नर न्यूझीलंडच्या नॉर्थ आयलंडवरील मौंगाताउतारी अभयारण्यात सोडण्यात आले. तिथे डोंगराभोवती ४७ किलोमीटरचे, उंदीरही शिरू शकणार नाही असे कुंपण आहे. पुढे आणखी नर आणले गेले. पण काकापो उडत नसला तरी झाडावर पटाईतपणे चढतो. काही पक्षी कुंपण ओलांडून बाहेर पडले, ट्रान्समीटरमुळे ते सापडले आणि काहींना परत बेटांवर न्यावे लागले. या प्रयोगासाठी नरच निवडले होते. एकही मादी गमावण्याची जोखीम घेण्याइतकी काकापोंची संख्या अजून नाही.