स्पॅनिशमधली वाईट स्वप्नं

स्पॅनिश शिकणाऱ्याला भयस्वप्नासाठी पहिला शब्द भेटतो तो ‘पेसादिया’. तो स्त्रीलिंगी आहे आणि ‘पेसादा’ म्हणजे ‘जड’ या शब्दापासून आला आहे. छातीवर कुणीतरी बसल्याची भावना त्यात आजही जाणवते. ‘तूवे उना पेसादिया’ म्हणजे ‘मला वाईट स्वप्न पडलं’.

झोप आणि स्वप्न या दोन्हींसाठी मात्र एकच शब्द आहे, ‘सुएन्यो’. ‘तेंगो सुएन्यो’ म्हणजे ‘मला झोप येतेय’. क्रियापदाची गंमत आणखी वेगळी. मराठीत कुत्रा स्वप्नात येतो, स्पॅनिशमध्ये माणूस कुत्र्या‘सोबत’ स्वप्न पाहतो: ‘सोन्ये कोन उन पेरो’. इथे ‘कोन’ विसरून चालत नाही.

जाग आली, पण हातपाय हलेनात, तर मेक्सिकोत म्हणतात ‘से मे सुबियो एल मुएर्तो’, म्हणजे मेलेला माणूस अंगावर चढला! दचकून जागं होणं म्हणजे ‘देस्पेर्तार्से सोब्रेसाल्तादो’. बोलणारी बाई असेल तर शेवटी ‘सोब्रेसाल्तादा’.

शब्द पक्के करायला चित्रकार फ्रान्सिस्को गोयाची 1799 मधली ‘लोस काप्रिचोस’ ही 80 चित्रांची मालिका जरूर पाहावी. 43व्या चित्रात मेजावर डोकं टेकून झोपलेल्या माणसामागे घुबडं आणि वटवाघळं घोंघावतात आणि मेजावरच्या शीर्षकात ‘सुएन्यो’ ठळक दिसतो. तिसऱ्या चित्रात आहे ‘कोको’, मुलांना भीती घालायचा तिथला बागुलबुवा. म्हणूनच की काय, मुलांना झोपवताना ‘स्वप्नात देवदूत येवोत’ अशा अर्थाचं वाक्य म्हटलं जातं: ‘के सुएन्येस कोन लोस आंखेलितोस’. यातही ‘कोन’ आहेच!