उसावरील कीड आणि लेफ्रॉयसाहेबांची विद्या

सन २००२ च्या जुलैंत सांगली जिल्ह्यांत उसाच्या पानांखालीं पांढऱ्या लोकरीसारखा थर दिसूं लागला, आणि पाहतां पाहतां साताऱ्यापर्यंत कृष्णाकांठच्या शेतकऱ्यांच्या तोंडचें पाणी पळालें. हा लोकरी मावा. तो पानांतील रस शोषून चिकट द्रव टाकितो. त्यावर काळी बुरशी चढते व पान निकामी होतें. लोकांनीं औषधाच्या दुकानांकडे धांव घेतली. पण पुरुषभर उंच उसांत फवारा पोंचेना. अखेर डायफा नांवाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक, हे माव्याचे भक्षक, शेतांत वाढले, कांहीं मुद्दाम सोडण्यांत आले, तेव्हां संकट ओसरलें. ह्या तारणाऱ्यांपैकीं किती आपल्याच फवाऱ्यानें मेले असतील, कोण जाणे!

ज्यांच्या कीटकविद्येची उमेदवारी उसाच्या किडीवरच झाली, त्या हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय ह्यांचें येथें स्मरण होतें. सन १८७७ त जन्मलेले हे इंग्रज गृहस्थ केंब्रिजचें शिक्षण संपवून कांहीं काळ शाळामास्तर होते. पुढें वेस्ट इंडीजमध्यें उसाच्या किडींवर काम करून १९०३ सालीं ते हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ झाले. १९०६ सालीं त्यांनीं इकडील पिकांच्या किडींवर ग्रंथ लिहिला, आणि १९०९ सालीं, बिहारांतील पुसा येथें असतांना, हॉलेट ह्यांच्या साह्यानें येथील एकंदर कीटकसृष्टीवर दुसरा, मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या सरकारचे नोकर म्हणून त्यांची उपेक्षा करणें आम्हांस मान्य नाहीं. आमची खंत निराळीच आहे. ही विद्या इंग्रजींत राहिली, आणि शेतकऱ्यास कीड भेटते ती दुकानदाराच्या तोंडून!

१९१२ पासून साहेब लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत प्राध्यापक होते. वेस्टमिन्स्टर हॉलच्या जुन्या तुळया पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांवर त्यांनीं उपाय शोधिला. सन १९२५ च्या ऑक्टोबरांत प्रयोगशाळेंत विषारी वायूचा प्रयोग करितांना ते बेशुद्ध पडले व थोड्याच दिवसांत वारले. वय अवघें अठ्ठेचाळीस. जेथें एवढा जाणता सुटला नाहीं, तेथें तोंडाला फडकेंहि न बांधतां पाठीवर पंप घेऊन उसांत शिरणाऱ्या मजुराची काय कथा?

म्हणून साखर कारखान्यांस आमचें सांगणें आहे, कीं गांवोगांव बांधावर उभें राहून, हातीं भिंग देऊन, शत्रु कीटक कोणता व मित्र कोणता हें मराठींत शिकविणारा शिक्षक नेमावा. त्या वर्गांत भांगलणीस जाणाऱ्या बायांस आधीं बसवावें. पान उलटून पाहणारे हात त्यांचेच आहेत.