‘मी’पासून ‘इगो’पर्यंत

‘त्याचा इगो दुखावला’ हे आज घरात आणि ऑफिसात सारख्याच सहजतेनं बोललं जातं. ज्याच्या नावानं एवढी भांडणं होतात तो ‘इगो’ मुळात लॅटिनमधलं साधं सर्वनाम आहे. अर्थ ‘मी’. त्यात ताठा नाही की घमेंड नाही. मात्र लॅटिनमध्ये कर्ता कोण ते क्रियापदाच्या रूपावरूनच कळतं, आपल्या ‘येते हं’मध्ये कळतं तसं. त्यामुळे रोमन माणूस ‘एगो’ वेगळा उच्चारायचा तो बहुधा जोर द्यायचा असेल तेव्हाच. पुढच्या ठसक्याचं बीज मला तरी तिथेच दिसतं.

या शब्दाचं गोत मोठं आहे. ग्रीक ‘एगो’, जर्मन ‘इश’, लिथुआनियन ‘आश’, अवेस्तेतला ‘अझेम’, झिजून एका अक्षरावर आलेला इंग्रजी ‘आय’ आणि आपला संस्कृत ‘अहम्’ ही सगळी एकाच आद्य इंडो-युरोपीय सर्वनामाची वंशावळ. लॅटिन-ग्रीकमध्ये ‘ग’ आणि संस्कृतात ‘ह’ कसा, अशी शंका येईल. पण ग्रीक ‘मेगा’ आणि संस्कृत ‘महा’ यांच्यातही हेच नातं आहे.

आजच्या ‘इगो’ला मानसशास्त्राचं वजन मिळालं ते फ्रॉइडमुळे, आणि गंमत म्हणजे हा शब्द त्यानं योजलेलाच नव्हता. १९२३ च्या त्याच्या जर्मन ग्रंथात आहे ‘दास इश’, म्हणजे नुसतं ‘मी’. जर्मन पोरही दिवसभर वापरतं तो शब्द. इंग्रजी अनुवादकांनी त्याला लॅटिन झगा चढवला. १९२७ मध्ये जोन रिव्हिएर यांचा अनुवाद आला, त्याच्या नावातच ‘इगो’ होता. फ्रॉइडचा हा ‘मी’ गर्विष्ठ तर नाहीच, उलट बिचारा आहे. आतल्या वासना, डोक्यावर बसलेला नैतिक पहारेकरी आणि बाहेरचं जग या तिघांना सांभाळता सांभाळता त्याची दमछाक होते.

‘अहंकारा’चंही असंच झालं. सांख्य दर्शनाच्या पंचवीस तत्त्वांत तो दुर्गुण म्हणून येत नाही. बुद्धीतून अहंकार उपजतो आणि त्यातून मन, इंद्रियं आणि तन्मात्रा. ‘हे माझं, हे मी करतो’ अशी जाणीव घडवणारं ते तत्त्व. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ गर्वावर येऊन थांबला.

मराठीत तर आणखी नवल आहे. आपला ‘मी’ ‘अहम्’पासून आलेला नाही, तो आला ‘मया’पासून, म्हणजे ‘माझ्याकडून’ अशा अर्थाच्या तृतीयेच्या रूपापासून. हिंदी ‘मैं’चंही तेच. ‘अहम्’चा खरा वारस शेजारी नांदतो: कोकणीतला ‘हांव’ आणि गुजरातीतला ‘हुं’. गोव्यातला माणूस रोजच्या बोलण्यात ‘अहम्’च म्हणत असतो. मराठीत ‘अहम्’ सर्वनाम म्हणून संपला आणि ‘अहंकार’, ‘अहंगंड’, ‘अहंमन्य’ अशा शब्दांतच उरला.

व्याकरणातही या ‘मी’ची जागा पालटली. इंग्रजी वळणाच्या मराठी व्याकरणात ‘मी’ प्रथम पुरुष. संस्कृत वैयाकरणांचा प्रथम पुरुष म्हणजे ‘तो’, मग मध्यम पुरुष ‘तू’, आणि ‘मी’ उत्तम पुरुष. तिथे ‘उत्तम’चा अर्थ सर्वश्रेष्ठ नव्हे, सर्वांत शेवटचा.