विश्लेषण : अंगोरा सशाची लोकर विकून खरेच कमाई होते का? सुरुवात करण्यापूर्वी हे गणित पाहा

कापसाच्या गोळ्यासारखा पांढराशुभ्र ससा, मांडीवर घेऊन कात्रीने कापली जाणारी लोकर आणि खाली ‘घरबसल्या लाखोंची कमाई’ अशी ओळ. अंगोरा ससेपालनाचे असे व्हिडीओ तुमच्याही मोबाइलवर आले असतील. या लोकरीला मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो, हे खरे आहे. पण एक ससा वर्षभरात किती लोकर देतो, हा आकडा या व्हिडीओंमध्ये सहसा नसतो. चांगल्या जातीचा, नीट सांभाळलेला ससा आपल्याकडे साधारण 600 ते 800 ग्रॅम लोकर देतो. वर्षाला, महिन्याला नाही.

अंगोरा म्हणजे नेमके काय?

तुर्कस्तानची राजधानी अंकारा हिचे जुने नाव अंगोरा. याच नावाची शेळीही आहे आणि तिथेच घोळ होतो. अंगोरा शेळीच्या केसांना ‘मोहेर’ म्हणतात. बाजारात ‘अंगोरा’ म्हणून जी लोकर विकली जाते ती सशाची. पश्मिना पुन्हा वेगळी. ती लडाखच्या चांगथांगी शेळीची.

सशाच्या या लोकरीचा तंतू साधारण 12 ते 14 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केस सरासरी 70 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे याच्या पाचपट जाड. तंतूच्या आत हवेचे बारीक कप्पे असतात. त्यामुळे ही लोकर वजनाला हलकी असूनही मेंढीच्या लोकरीपेक्षा जास्त ऊब देते.

इंग्लिश, फ्रेंच, सॅटिन, जायंट अशा अंगोराच्या अनेक जाती आहेत. लोकरीसाठी भारतात प्रामुख्याने जर्मन अंगोरा पाळला जातो. पूर्ण वाढलेल्या सशाचे वजन साडेतीन ते साडेचार किलो भरते. या जातीची लोकर आपोआप फारशी गळत नाही. ती वेळेवर कापावीच लागते, नाहीतर तिचा नमदा होतो आणि ससाही आजारी पडतो.

महाराष्ट्रात का नाही?

भारतात अंगोरा पाळला जातो तो हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर, सिक्कीम अशा थंड डोंगराळ भागांत. कुलू जिल्ह्यातील गडसा येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. संस्थेचे मुख्यालय राजस्थानात अविकानगरला. मात्र अंगोरा सशांचे काम चालते ते हिमालयाच्या कुशीतील केंद्रात, हा तपशील बोलका आहे.

सशाला घाम येत नाही म्हटले तरी चालेल. अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. त्यातून अंगावर लोकरीचे पांघरूण. साधारण 10 ते 25 अंश तापमानात तो सुखात असतो. पारा 30च्या वर राहू लागला की खाणे कमी होते, लोकरीची वाढ मंदावते, नरांची प्रजननक्षमता घटते आणि उष्माघाताने ससे दगावू लागतात.

आता विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा आठवा. कोणी म्हणेल, महाबळेश्वर तर थंड आहे! पण एप्रिल-मेमध्ये तिथेही दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो आणि पावसाळ्यातील दमट हवा खरूज व श्वसनाच्या आजारांना आमंत्रण देते. एसी लावून ससे जगवता येतील. पण मग लोकरीचे पैसे वीजबिलातच जातील.

खाद्य आणि लोकर : खरे गणित

पूर्ण वाढलेल्या सशाला दिवसाला साधारण 150 ग्रॅम गोळी खाद्य आणि शिवाय गवत लागते. 150 ग्रॅम गुणिले 365 म्हणजे वर्षाला जवळपास 55 किलो खाद्य. उदाहरणासाठी खाद्याचा दर किलोला 30 रुपये धरू. एका सशाचा खर्च झाला सुमारे 1,640 रुपये. त्या बदल्यात लोकर मिळाली 700 ग्रॅम. म्हणजे लोकरीला किलोमागे साधारण 2,350 रुपये भाव मिळाला, तर फक्त खाद्याचा खर्च निघाला. पिंजरे, औषधे, मजुरी, मरतूक अजून यात धरलेलीच नाही.

डोंगरातील कुटुंबांना हा व्यवसाय का परवडतो, हे इथे कळते. गवत-चारा त्यांच्या बांधावर असतो, त्यामुळे विकतचे खाद्य कमी लागते. घरातलेच कोणीतरी लोकर कापते, कातते आणि विणते. पैसा उरतो तो कच्च्या लोकरीवर कमी आणि सुतावर, शालीवर, मोज्यांवर जास्त. हे ‘घरबसल्या’ होते खरे, पण बसून होत नाही.

ही आकडेमोड तुमच्या भागातील दरांनी पुन्हा करून पाहा. खाद्याचा दर आणि लोकरीचा हाती पडलेला भाव, हे दोनच आकडे बदलायचे आहेत.

थंड भागात राहत असाल तर सुरुवात कशी कराल?

आधी प्रशिक्षण, मग ससे. चार-पाच सशांपासून सुरुवात पुरेशी आहे. मादी नरापेक्षा थोडी जास्त लोकर देते, त्यामुळे एक नर आणि बाकी माद्या असा हिशोब ठेवतात. गर्भकाळ 30 ते 32 दिवसांचा असल्याने संख्या वाढायला वेळ लागत नाही. वाढवण्याची घाई मात्र टाळलेली बरी.

प्रत्येक मोठ्या सशाला स्वतंत्र पिंजरा हवा. एकत्र ठेवले तर ते भांडतात, एकमेकांची लोकर कुरतडतात आणि माल खराब होतो. लेंड्या-मूत्र खाली पडून जावे म्हणून तळाला जाळी असते. पण नुसत्या तारेवर बसून तळपायांना जखमा होतात, म्हणून एका कोपऱ्यात फळी ठेवावी. हवा खेळती हवी. मूत्राचा उग्र वास कोंडून राहिला की सशांची फुप्फुसे बिघडतात.

सर्वात मोठा धोका पोटातील लोकरीच्या गोळ्याचा. ससा स्वतःला चाटतो, केस पोटात जातात. मांजर असे केस ओकून टाकते. सशाला उलटीच करता येत नाही. गोळा अडकला की तो खाणे सोडतो आणि काही दिवसांत मरतो. भरपूर तंतुमय वाळलेले गवत आणि वेळेवर कातरणी, हाच यावरचा उपाय. अनेक पाळणारे आठवड्यातून एक दिवस खाद्य बंद ठेवून फक्त गवत देतात. सकाळी भांड्यात कालचे गवत तसेच दिसले, तर पशुवैद्यकाला बोलावायला संध्याकाळची वाट पाहू नये.

पहिली कातरणी पिल्लू साधारण दोन महिन्यांचे झाल्यावर होते. त्यानंतर दर 75 ते 90 दिवसांनी. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि लोकर ओढली की ती कात्रीत येते. म्हणून शिकाऊ माणसाने अनुभवी हाताखालीच सुरुवात करावी. कातरणीनंतर ससा अक्षरशः उघडा पडतो. थंडीत त्याला उबदार पेटी द्यावीच लागते.

कापतानाच लोकर वेगळी करायची. सहा सेंटिमीटरहून लांब आणि स्वच्छ असलेली पहिल्या प्रतीची, त्याखालोखाल आखूड आणि शेवटी गुंता झालेली किंवा मळलेली. सगळी एकाच पोत्यात कोंबली, तर सगळीला खालचाच भाव मिळतो. साठवताना कसर लागणार नाही, हेही पाहावे.

घेणार कोण?

निव्वळ अंगोराचे सूत निसरडे असते, कापडातून तंतू सुटतात. म्हणून ती बहुधा मेंढीच्या लोकरीत मिसळून कातली जाते. कुलूच्या शाली, टोप्या, मफलर हा तिचा ओळखीचा बाजार. जागतिक उत्पादनात चीनचा वाटा प्रचंड आहे. 2013मध्ये तिथे जिवंत सशांची लोकर ओरबाडली जात असल्याचे व्हिडीओ पुढे आले आणि अनेक मोठ्या ब्रँडनी अंगोरा विकणे थांबवले. त्यामुळे परदेशी ग्राहक लोकर ‘कशी काढली’ हे आधी विचारतो. कात्रीने कापलेली लोकर हे सांगण्यासारखे वैशिष्ट्य आहे.

‘लोकर आम्हीच घेऊ’ म्हणणाऱ्यांचे काय?

महागडी जोडी घ्या, लोकर आणि पिल्ले हमीभावाने आम्हीच परत घेऊ, असा प्रस्ताव आला तर 2019 आठवावे. सांगली-कोल्हापूरसह अनेक जिल्ह्यांतील शेतकरी कडकनाथ कोंबडीच्या अशाच हमीत अडकले. त्याआधी 2012मध्ये तमिळनाडूत इमूपालनाच्या योजना कोसळल्या होत्या. पक्षी खरे होते, कागदही खरे दिसत होते. बाजार मात्र नव्हता. परत घेतलेला माल पुढच्या गुंतवणूकदाराला विकला जात होता.

अशा विक्रेत्याला एवढेच विचारा : आमची लोकर तुम्ही पुढे कोणत्या सूतगिरणीला किंवा विणकर संस्थेला देता? नाव मिळाले, तर पैसे भरण्याआधी तिथे स्वतः फोन करा. ‘पिल्लांना मागणी खूप आहे’ एवढेच उत्तर आले, तर लोकरीचा प्रश्न तसाच राहिला आहे, हे लक्षात घ्या.