दोन ठोक्यांमधली जागा

छातीत दुखायला लागलं की आष्टी तालुक्यातल्या कडा गावचा माणूस सहसा बीडला जात नाही, नगर गाठतो. नगर-जामखेड रस्ता गावावरूनच जातो आणि २०२२ पासून आष्टी-नगर रेल्वेही आहे. त्यामुळे हृदयाच्या सीटी स्कॅनवर लिहायचं ठरलं तेव्हा मी नगरचंच एक तपासणी केंद्र पाहायला गेलो.

सीटीने माणसाचं पहिलं चित्र घेतलं ते १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचं ते यंत्र मेंदू पाहत होतं. १९७९ साली त्यांना आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना नोबेल मिळालं. मेंदू जागचा हलत नाही, हृदय मात्र क्षणभरही स्वस्थ बसत नाही. तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या धमन्या त्या धडधडीत नीट टिपायला ६४ स्लाइसची यंत्रं यावी लागली, ती २००४ च्या सुमारास.

त्या दिवशी मी जास्त वेळ तंत्रज्ञाशेजारीच बसलो. त्याची नजर चित्रापेक्षा ईसीजीच्या रेषेवर होती. नाडी मिनिटाला साठ असेल तर एक ठोका एका सेकंदाचा. त्यातला शेवटचा थोडा वेळ हृदय जवळजवळ निश्चल असतं, आणि चित्र तेवढ्यात घ्यायचं. नाडी नव्वदवर गेली की आकुंचनाचा वेळ फारसा घटत नाही, विश्रांतीचाच आक्रसतो. म्हणून आधी नाडी उतरवायची गोळी, मग जिभेखाली धमन्या रुंदावणारं औषध, शिरेतून आयोडीनयुक्त द्रव. "काका, श्वास घ्या. धरा. हलू नका." समोरच्या काकांची नाडी उतरेना, तेव्हा त्याने घाई केली नाही. त्यांच्याशी पावसाबद्दल, कांद्याच्या भावाबद्दल बोलत राहिला. यंत्र कोट्यवधींचं असलं तरी त्या दिवशीचं चित्र त्याच्या धीरामुळे मिळालं, असं मी मानतो.

पडद्यावर धमन्यांचा आकार उलगडतो. डावी मुख्य धमनी दोन फाट्यांत विभागते. फाट्याच्या बाहेरच्या कडेला आणि वळणांच्या आतल्या बाजूला रक्ताचा वेग मंदावतो; ओढ्याच्या वळणावर गाळ बसावा तशी चरबी तिथेच साठू लागते. दोन फाट्यांमधला कोन रुंद असलेल्यांत तिथे जास्त साठा आढळल्याचं अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे. नेहमीच्या अँजिओग्राफीत धमनीची फक्त पोकळी दिसते, सीटीत भिंतही दिसते. म्हणजे वाट अरुंद होण्याआधीच रोग सापडू शकतो.

पण अडचणी आहेत, आणि त्या मला सतावतात. भिंतीत कॅल्शियम फार असेल तर चकाकीमुळे अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. मूत्रपिंड अशक्त असेल तर आयोडीनचा द्रव जपून द्यावा लागतो. तपासणीला काही हजार रुपये लागतात. आणि छातीत कळ चालू असताना सीटीची रांग धरणं घातक ठरू शकतं. तेव्हा आधी ईसीजी, आणि तोही लगेच.

सगळ्यात मोठी अडचण चित्र हाती आल्यानंतरची आहे: गोळ्या चालू ठेवण्याची. स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४,१४६ रुग्णांवर एक अभ्यास झाला. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचं प्रमाण नेहमीच्या तपासण्यांच्या गटात ३.९ टक्के होतं, सीटीही केलेल्यांत २.३. शस्त्रक्रिया आणि अँजिओप्लास्टी दोन्ही गटांत जवळपास सारख्याच झाल्या. फरक मुख्यतः गोळ्यांनी पडला असावा, कारण सीटीनंतर योग्य माणसांना त्या सुरू झाल्या.

आष्टी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि महिनोन्महिने फडावर राहतात. कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची गोळीत तिथे खंड पडला तर नगरला काढलेलं सुंदर चित्र निरुपयोगी ठरतं. प्रत्येक अहवालासोबत मराठीत एक पान द्यावं: काय दिसलं, कोणती गोळी, किती दिवस. आणि ती गोळी साखर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही मिळावी. ही सोय यंत्रापेक्षा कितीतरी स्वस्तात होईल, आणि तिच्याविना या यंत्राचं काम अर्धंच राहील.